जिगाव : तीस वर्षे, पस्तीस पट खर्च

पूर्णा नदीवर, बुलडाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातल्या जिगावजवळ मोठे धरण बांधायचे ठरले, त्याला तीसेक वर्षे होत आली. नव्वदच्या दशकात मूळ प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा खर्च धरला होता ३९४ कोटी ८३ लाख रुपये. २००९ साली तो चार हजार कोटींच्या पुढे गेला आणि त्यानंतरच्या सुधारित मान्यतांनी १३,८७४ कोटींवर नेऊन ठेवला. मूळ आकड्याच्या पस्तीस पट. बुलडाणा जिल्ह्यातली आणि शेजारच्या अकोल्यातली मिळून एक लाख हेक्टरहून अधिक जमीन भिजवायची, त्यातही खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला गोडे पाणी द्यायचे, हा या धरणाचा मूळ हेतू. तो आजही कागदावर तितकाच रास्त आहे. पाटबंधारे खात्याच्या बोलीत ‘सुप्रमा’ हा शब्द आता इतका रुळला आहे की सुधारित प्रशासकीय मान्यता म्हणजे नेहमीचा सोपस्कार वाटावा. वास्तविक प्रत्येक सुप्रमा म्हणजे आधीचे नियोजन फसल्याची लेखी कबुली असते. ते का फसले, याचे ठरलेले उत्तर ‘निधी मिळाला नाही’ असे असते. तीस वर्षांचा क्रम नीट लावून पाहिला तर मात्र हे उत्तर अर्धेच खरे ठरते. जिगावमध्ये पैशाइतकीच, कदाचित जास्तच, चुकली ती कोणते काम आधी आणि कोणते नंतर याची मांडणी.

ही मांडणी करण्याचे शास्त्र तेव्हा उपलब्ध नव्हते असे म्हणता येत नाही. हेन्री गँटच्या पट्ट्यांचे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळातले. ड्यूपाँट कंपनीने ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत १९५७ मध्ये वापरात आणली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ उभे केले. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट १९६९ ची, तिची पीएमपी ही परीक्षा १९८४ ची. बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी ‘निकमार’ आपल्याकडे १९८३ मध्ये निघाली. म्हणजे जिगावला मान्यता मिळाली तेव्हा हे सगळे ग्रंथालयात होते, अभियंत्यांच्या अभ्यासक्रमातही होते. क्रिटिकल पाथ म्हणजे काय, तर एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी. तिच्यातले एक काम महिनाभर लांबले की अख्खा प्रकल्प महिनाभर लांबतो. साखळीबाहेरचे काम मात्र थोडे मागेपुढे झाले तरी चालते. आता हे जिगावला लावून पाहा. धरणात पाणी साठवायचे तर घळभरणी, म्हणजे नदीपात्रात भिंतीची मोकळी ठेवलेली जागा बंद करण्याचे काम, झाली पाहिजे. चाळीसहून अधिक गावे कमीअधिक प्रमाणात बुडिताच्या कक्षेत येतात. वरच्या गावातले शेवटचे कुटुंब हलल्याशिवाय घळ भरता येत नाही. ते कुटुंब हलायचे तर नव्या गावठाणात रस्ता, पाणी, वीज, शाळा तयार हवी. गावठाणासाठी आधी जमीन हवी, आणि त्याही आधी मोजणी, निवाडा, मोबदला. ही झाली खरी लांब साखळी. भिंतीचे मातीकाम, सांडवा यांच्यासाठी त्या मानाने पुष्कळ सवड होती. प्रत्यक्षात घडले उलट. मातीकामाची निविदा काढता येते, माती पडलेली दिसते, मोजमाप पुस्तिकेत चढते आणि देयक निघते. मोजणीसाठी गावात बसून राहणाऱ्या कर्मचाऱ्याचे फलक कुठे लागत नाहीत. महाराष्ट्रभर हेच झाले. जमीन ताब्यात नसताना कामे सुरू केल्याबद्दल महालेखापालांनी पाटबंधारे खात्यावर ताशेरे ओढले. सिंचनावरची २०१२ ची श्वेतपत्रिका आणि त्यानंतर सिंचन प्रकल्पांच्या चौकशीसाठी नेमलेली माधव चितळे समिती हा सगळा त्याच कारभाराचा परिणाम.

यावर पहिला आक्षेप पैशाचाच येईल, आणि तो हलका नाही. विदर्भाचा सिंचन अनुशेष दांडेकर समितीने १९८४ मध्ये आकड्यांत मांडला. १९९४ च्या स्थितीवर पुन्हा मोजणी झाली आणि बुलडाण्यासह अमरावती विभागातले जिल्हे मागे पडलेले दिसले. त्यासाठी राज्यपालांना निधिवाटपाचे निर्देश द्यावे लागले. जिगावला वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी पैसे मिळाले, हे कोणी नाकारत नाही. पण पैसा कमी असतो तेव्हाच क्रमाची गरज वाढते. हातात मोजका निधी असेल तर तो साखळीवरच्या कामावर आधी पडायला हवा, आणि साखळीवर होते भूसंपादन. ते मागे ठेवल्याची किंमत पुढे मोजावी लागली. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदल्याची वाट मोकळी झाली. शेतकऱ्याला हे मिळाले ते योग्यच झाले. १८९४ च्या कायद्याने त्याच्या पदरात फारसे काही पडत नव्हते. मुद्दा एवढाच, की जी किंमत आज ‘वाढीव खर्च’ म्हणून सांगितली जाते तिचा मोठा भाग शासनाने स्वतःच्या उशिरापोटी मोजला आहे. गावकऱ्यांनी मोजलेली किंमत तर कोणत्याच सुप्रमात येत नाही. जे गाव बुडणार असे जाहीर झाले आहे तिथे नवा रस्ता कोणी करत नाही, शाळेची खोली कोणी बांधत नाही आणि स्वतःचे घर नव्याने उभे करायला माणूस धजत नाही. असे जगणे दोन-पाच वर्षे समजू शकते. इथे एक पिढी गेली.

त्याच जिल्ह्यातून, मेहकर, लोणार, सिंदखेड राजाच्या बाजूने, नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग गेला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग खुला झाला, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. राज्य तेच, सातबारा तोच, जमीन देताना कचरणारा शेतकरीही तोच. फरक पडला तो सुरुवातीच्या क्रमात. आधी लँड पूलिंगचा, म्हणजे जमिनी एकत्र करून बदल्यात विकसित भूखंड देण्याचा, प्रयत्न झाला, विरोध झाला, मग थेट खरेदीने, पाच पटींपर्यंत दर देऊन जमीन घेतली गेली. काम सोळा टप्प्यांत वाटले आणि पूर्ण प्रकल्पासाठी रस्ते विकास महामंडळ ही एकच संस्था उत्तरदायी राहिली. तुलना अन्यायाची आहे असे कोणी म्हणेल. रस्त्याची पट्टी अरुंद, बांध ओलांडून पुढे जाणारी. धरण गावेच्या गावे गिळते. शिवाय समृद्धीमागे राज्याची सगळी राजकीय ताकद उभी होती. दोन्ही गोष्टी मान्य. पण समृद्धीतही जे साखळीबाहेर ठेवले गेले ते मागेच राहिले. विश्रांतीच्या जागा, स्वच्छतागृहे, उपाहारगृहे या सोयी रस्त्याबरोबर तयार झाल्या नाहीत, आणि शेकडो किलोमीटर सलग वाहन चालवण्याच्या धोक्याची चर्चा सुरू झाली ती अपघात होऊ लागल्यावर. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून पंचविसांचा जीव गेला. त्या एका अपघाताचे कारण सोयींच्या अभावात शोधणे बरोबर होणार नाही. पण रस्ता ‘पूर्ण झाला’ म्हणजे नेमके काय काय पूर्ण झाले, हा प्रश्न त्या आठवड्यात साऱ्या राज्याने विचारला. व्यवस्थापनाच्या भाषेत ही व्याप्ती ठरवण्याची चूक. समृद्धीने जमिनीचा क्रम साधला, व्याप्ती पुरती साधली नाही.

मग अभियंत्यांना परीक्षांना बसवावे का? पीएमपीला बसायला पदवीधराकडे प्रकल्प हाताळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण लागते. ब्रिटनची प्रिन्स-टू आहे, आयपीएमएच्या चार पायऱ्या आहेत. १९८३ मध्ये सुरू झालेल्या शेगावच्या गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पिढ्यांमध्ये असे शास्त्र कोळून प्यालेले लोक असणारच, आणि त्यातले बरेच पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांत २००१ नंतरच्या ‘अजाइल’ रीतीने दोन-दोन आठवड्यांचे टप्पे आखत असतील. जिल्ह्याचे शास्त्र जिल्ह्याबाहेर राबते, ही आपली जुनीच गोष्ट. प्रमाणपत्राची थट्टा करण्याचे कारण नाही. समान शब्दसंग्रह आणि जोखीम आधी लिहून काढण्याची सवय त्यातून लागते. मात्र प्रमाणपत्र अधिकार देत नाही. जिगावच्या कार्यकारी अभियंत्याच्या हाती भिंत आहे, भूसंपादन महसूल खात्याकडे, गावठाणातली वीज महावितरणकडे, शाळा जिल्हा परिषदेकडे. साखळी एक आणि तिचे मालक चार. अशा ठिकाणी पीएमपी झालेला अधिकारीही पत्रव्यवहारच करणार, आणि तो सुरळीत होतो न होतो तोच त्याच्या बदलीचा आदेश येणार.

दुसऱ्या बाजूनेही एक हरकत आहे, ती अधिक गंभीर. विस्थापितांना ‘क्रिटिकल पाथवरचे काम’ म्हणणे हीच मुळात माणुसकीला सोडून असलेली भाषा नाही का? गाव म्हणजे तक्त्यातला रकाना, असा त्याचा अर्थ होणार असेल तर हरकत बिनतोड आहे. पण आजवरचा व्यवहार पाहता पुनर्वसन रकान्यातही नव्हते. ते प्रकल्पाच्या वाटेतला ‘अडथळा’ म्हणून नोंदले जात होते. पुनर्वसन हा प्रकल्पाचाच भाग, भिंतीच्या आधी पूर्ण व्हायचा, असे कागदावर ठरले असते तर धरणग्रस्ताला आंदोलनाआधी आपली तारीख कळली असती. आता जिगावमध्ये अंशतः पाणीसाठा करत टप्प्याटप्प्याने पुढे जायचे धोरण आहे. ते शहाणपणाचे आहे, कारण एकेका टप्प्याला मोजकी गावे, मोजका मोबदला आणि मोजके लाभक्षेत्र ठरवता येते. ते तीस वर्षांपूर्वीही ठरवता आले असते.

याच जिल्ह्यातला, शतकभर मागणीत असलेला खामगाव-जालना रेल्वेमार्ग आता पुन्हा चर्चेत आहे. खर्चाचा अर्धा वाटा उचलण्याची तयारी राज्याने दाखवली आहे. चिखली, देऊळगाव राजा या बाजूच्या लोकप्रतिनिधींनी भूमिपूजनाची तारीख मागण्याआधी दोन कागद मागावेत : कोणत्या गावची किती जमीन कोणत्या महिन्यात ताब्यात येणार याचे वेळापत्रक, आणि ते पाळण्यासाठी शेवटपर्यंत बदली न होणाऱ्या एका अधिकाऱ्याचे नाव.