जिन्याखालचा ड्रम आणि १९२७ चा महापूर

आज एकच गाणं घेऊ या. ‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश बँडच्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. अल्बम आला ८ नोव्हेंबर १९७१ रोजी. त्यातलं ‘स्टेअरवे टू हेवन’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. पण रेकॉर्डिंगच्या धंद्यातली माणसं ज्याचा विषय निघाला की थांबत नाहीत, ते गाणं हे. कारण त्याचा ड्रम. सात मिनिटांच्या गाण्यात पहिल्या ठोक्यालाच समजतं की काहीतरी अवाढव्य आपल्याकडे चालत येतंय.

आधी ‘लेव्ही’ म्हणजे काय ते पाहू. नदीच्या काठाकाठानं घातलेला मातीचा लांबलचक बांध. बिहारमधल्या श्रोत्यांना सांगायला नको. २००८ च्या ऑगस्टमध्ये कोसीचा तटबंध फुटला आणि नदीनं वाटच बदलली. नोकरीत असताना पूरग्रस्त भागात तुकडी घेऊन जायची वेळ माझ्यावरही आली आहे. पाणी दर वेळी बांधावरूनच येतं असं नाही. ते बुडाखालून पाझरतं, माती भुसभुशीत होते आणि मग एखादा तुकडा बसतो. रात्री रेतीची पोती रचताना खरी भीती पाण्याची नसते, वाट पाहण्याची असते. गाण्याच्या नावातला पहिला शब्द बघा. ‘फुटला तर’ नाही, ‘फुटेल तेव्हा’.

हा बांध मिसिसिपी नदीचा. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचं धोरण वर्षानुवर्षं एकच होतं, फक्त बांध घाला. जास्तीचं पाणी बाजूला सोडायची सोय नाही. नदी दोन भिंतींत कोंडली की पाणी वर चढतं, म्हणून बांध आणखी उंच करायचे. २१ एप्रिल १९२७ रोजी माउंड्स लँडिंग इथला बांध फुटला. त्या वर्षीच्या पुरात सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला, सहा लाखांहून जास्त माणसं बेघर झाली. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, अमेरिकेला नवा पूरनियंत्रण कायदा करावा लागला आणि ‘फक्त बांध’ हे धोरण मागे पडलं.

बांधावर राबत होते ते मुख्यतः वाट्यानं शेती करणारे कृष्णवर्णीय मजूर, आणि बऱ्याच जणांना बंदुकीच्या धाकानं कामाला जुंपलं होतं. ग्रीनव्हिल गावात गोऱ्या बायकामुलांना बोटींतून हलवलं. हजारो कृष्णवर्णीय मात्र बांधावरच राहिले, कारण हे मजूर एकदा गेले तर परतणार नाहीत, अशी मळेवाल्यांना धास्ती होती. छावण्यांवर नॅशनल गार्डचा पहारा, पासाशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. ज्यानं आयुष्य गणवेशात काढलंय, त्याला हे वाचणं जड जातं. मदतीला गेलेला शिपाई पूरग्रस्तांवरच पहारा करू लागला, तर मदतीला काय अर्थ राहिला?

दोनच वर्षांनी, १९२९ च्या जूनमध्ये, कान्सास जो मकॉय आणि मेम्फिस मिनी या ब्लूज गाणाऱ्या जोडप्यानं न्यूयॉर्कमध्ये हे गाणं कोलंबिया कंपनीसाठी रेकॉर्ड केलं. गळा जोचा, सोबतीला दोन गिटार. जेमतेम तीन मिनिटं. चाल जवळजवळ हलकीफुलकी, आणि त्या चालीत सांगितलेली गोष्ट मात्र घर जाण्याची.

आता ४२ वर्षं पुढे, इंग्लंडमध्ये या. हॅम्पशायरमध्ये हेडली ग्रेंज नावाचं तीनमजली जुनं घर होतं. १७९५ मध्ये ते गोरगरिबांना ठेवून काम करून घेण्यासाठी बांधलं होतं. बँड तिथं राहिला, आणि रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे आत यंत्रं बसवलेला ट्रक, दाराशी उभा केला. ड्रमर जॉन बॉनमचा नवा ड्रमसेट आला, तो दिवाणखान्याऐवजी खालच्या मोकळ्या हॉलमध्ये मांडला. वर जिना, तीन मजल्यांची पोकळी.

ड्रम रेकॉर्ड करताना सहसा प्रत्येक ड्रमजवळ माइक लावतात. रेकॉर्डिंग इंजिनिअर अँडी जॉन्स यांनी उलट केलं. जवळचे माइक काढून टाकले आणि वरून, जिन्याच्या मजल्यावरून, फक्त दोन माइक खाली रोखले. त्यामुळे टेपवर नुसता ड्रम आला नाही, भिंतींवर आपटून परतलेला आवाजही आला. तो ‘बिन्सन एकोरेक’ या इटालियन इको यंत्रातून काढला आणि वर कंप्रेसर लावला. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मागचा बारीक आवाज वर आणतो. म्हणून दोन ठोक्यांच्या मध्ये ते घर श्वास घेतंय असं वाटतं.

मग टेपची गती कमी केली. गती कमी झाली की स्वर खाली उतरतो आणि आवाजाला वजन येतं. हार्मोनिकावर जिमी पेज यांनी उलटा इको वापरला, म्हणजे प्रतिध्वनी आधी, मूळ सूर नंतर. पाणी दिसण्याआधी त्याची घरघर ऐकू यावी, तसं. हे सगळं मंचावर जमवणं अवघड. त्यामुळे १९७५ च्या दौऱ्यात मोजक्या वेळा वाजवून त्यांनी ते सोडून दिलं.

बॉनम यात कसरत दाखवत नाहीत. ठेका एकच, ना घाई, ना ढिलाई. माझ्या मते गाण्याचं मर्म तिथंच आहे. बांधावर रात्रभर उभं राहणं असंच असतं.

एक हिशेब मात्र अपुरा राहिला. अल्बमवर गीताच्या श्रेयात बँडच्या चौघांसोबत मेम्फिस मिनीचं नाव आहे, आणि जुनी गाणी घेताना या बँडनं तेवढंही दर वेळी केलेलं नाही. पण मूळ रेकॉर्डवर जो गायला, त्या जो मकॉयचं नाव तिथं नाही. तो १९५० मध्येच गेला होता. पुढे १९८६ मध्ये बीस्टी बॉइज या रॅप गटानं बॉनमचा हाच ठेका उचलून आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवात केली. ठेका जगभर गेला, त्यामागचा पूर मागे राहिला.

तेव्हा मंडळी, आधी १९२९ चं रेकॉर्ड ऐका, मग १९७१ चं. दोन्ही एका बैठकीत, याच क्रमानं. पहिल्यात माणसं ऐकू येतील, दुसऱ्यात नदी. पुढच्या भागात भेटू.