समवयस्क आणि वयस्य

'समवयस्क' हा शब्द सरळ आहे. सम म्हणजे सारखे, वयस् म्हणजे वय. ज्यांचे वय सारखे, ते समवयस्क. जन्मतारखा ताडून पाहिल्या की काम भागले.

ह्याच कुळातला 'वयस्य' हा शब्द मात्र अधिक मागतो. पाणिनीच्या सूत्राप्रमाणे जो वयाने तुल्य, तो वयस्य. संस्कृत नाटकांत राजा विदूषकाला ह्याच शब्दाने हाक मारतो. पण त्या सूत्रावर 'काशिका' सांगते की, वयस्य म्हणजे सखा. वय सारखे असले तरी शत्रूला तो शब्द लागत नाही.

कामगारांत वावरताना ही मेख मला फार मोलाची वाटते. एकाच वयाचे दोघे, एक कायम, दुसरा कंत्राटी, परस्परांकडे परक्यासारखे पाहतात. ते समवयस्क खरे, वयस्य नव्हेत.

उलट, १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले आपल्या सोलापूरचे मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन एका वयाचे नव्हते, एका धर्माचेही नव्हते. व्याकरण त्यांना वयस्य म्हणणार नाही. पण त्या शब्दातला सखा त्यांच्यात पुरा उतरला होता. वय जन्माने मिळते, श्रोतेहो. सोबत आपण करावी लागते.