बदली म्हणजे न्याय नव्हे

धर्मगुरूने मुलाचे लैंगिक शोषण केल्याची तक्रार आली की पोलिसांना कळवण्याऐवजी त्याची गुपचूप दुसऱ्या चर्चमध्ये बदली करायची, असे अनेक ठिकाणच्या कॅथलिक बिशपांनी वर्षानुवर्षे केले. नव्या ठिकाणच्या पालकांना त्याचा पूर्वेतिहास कळतच नसे. जानेवारी २००२मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाने बॉस्टनमधले असे प्रकार कागदपत्रांनिशी उघड केले. त्याच डिसेंबरात तिथले आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी राजीनामा दिला. २००४मध्ये मात्र रोममधल्या एका मोठ्या बॅसिलिकाचे प्रमुखपद त्यांना मिळाले.

जून २००२मध्ये अमेरिकी बिशपांनी डॅलसमध्ये नियम केले : तक्रार सरकारी यंत्रणेला कळवायची आणि दोषी ठरलेल्याला सेवेतून कायमचे दूर करायचे. यात धर्मगुरू आले, पण बदल्या करणारे बिशप सुटले. ती फट बुजवण्यासाठी पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९मध्ये आदेश काढला. आता प्रकरण दडपणाऱ्या बिशपाचीही चौकशी होऊ शकते. त्याच डिसेंबरात अशा प्रकरणांवरचे पोपच्या गुप्ततेचे बंधनही उठले. तरी या आदेशाची सक्ती चर्चच्या वरिष्ठांना कळवण्यापुरतीच आहे. पोलिसांकडे जायचे की नाही, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो.