प्रदर्शनातला गल्ला आणि सुताराची मजुरी



कोल्हापूरच्या बाजार समितीत गुळाचे रवे घालून आलेल्या शेतकऱ्याला पट्टी कशी वाचावी हे शिकवावे लागत नाही. हमाली, तोलाई, गाडीभाडे जाऊन हातात काय पडले, ते तो आधी बघतो. हस्तकला प्रदर्शनात लाकडी वस्तू विकून परतलेले कारागीर कुटुंब मात्र पुष्कळदा नुसता गल्ला मोजते आणि मजुरी मोजायची विसरते. आपल्या गावात सुतारकाम करणारी घरे आहेत, बचत गटांतून भगिनीही आता असा माल घेऊन शहरात जातात. म्हणून हा विषय आज घेतला आहे.

बलुत्याकडून बाजाराकडे

एके काळी सुताराला गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागत नसे. नांगर, कुळव, कुरी, गाडीची चाके यांतच त्याचे वर्ष जाई आणि सुगीला खळ्यावर बलुते मिळे. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून लोखंडी नांगर शेतात आला, पुढे टायरची बैलगाडी आली, मग ट्रॅक्टर आला. सुताराचे कसब हातात राहिले, पण काम गेले. त्यातले काही फर्निचरकडे वळले, काही पोळपाट-लाटणी, देव्हारे, पांगुळगाडे, खेळणी करू लागले. हा माल जत्रेत खपत असे. आता तो प्रदर्शनात जातो.

आपल्या जवळचे नावाजलेले उदाहरण सावंतवाडीचे. आजऱ्यावरून आंबोली घाट उतरला की हे गाव लागते. तिथल्या चितार आळीतील लाकडी फळे, भाज्या आणि खेळणी प्रसिद्ध आहेत. त्यासाठी पांगाऱ्याचे हलके, मऊ लाकूड वापरतात. पानमळ्यात वेलीला आधार म्हणून आपण लावतो, तोच हा पांगारा. तिथल्या भोसले राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी यांनी गंजिफा व लाखकामाची कला मोडकळीस आलेली पाहून कारागिरांना राजवाड्यातच काम दिले. सावंतवाडीला आणखी एक अनुकूलता आहे. गोव्याकडे जाणारा प्रवासी वाटेवर थांबून खरेदी करतो. गिऱ्हाईक दारात येते, म्हणून प्रदर्शन हा तिथे जोडधंदा ठरू शकतो. ज्याच्या दारात गिऱ्हाईक नाही, त्याला प्रदर्शनाचा मोह जास्त पडतो आणि धोकाही त्यालाच जास्त.

प्रदर्शने कोणती?

कोल्हापुरात दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात वेळोवेळी विक्री-प्रदर्शने भरतात. पुण्याची भीमथडी जत्रा आणि मुंबईचे महालक्ष्मी सरस यांत बचत गटांना जागा मिळते. दिल्लीला १९९४ पासून दिल्ली हाट आहे, तिथे कारागिरांचे गाळे आळीपाळीने बदलतात. हरियाणात सूरजकुंडचा मेळा १९८७ पासून भरतो. मोठ्या मेळ्यात चोखंदळ गिऱ्हाईक भेटते, हाताच्या कामाची कदर होते, चार जणांचा माल पाहून नवे सुचते. हे फायदे खरे आहेत.

पण मेळा आपल्या हातात नसतो. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि रोखीवर चालणारे गाळे अडचणीत आले. करोनामुळे २०२१ साली सूरजकुंडचा मेळा भरलाच नाही. शेतकऱ्याला हे नवीन नाही. सगळे रान एकाच पिकाखाली घालू नये हे आपण जाणतो, तसे वर्षाचे सारे उत्पन्न एका मेळ्यावर टांगू नये.

गल्ल्याची पट्टी

एका सुतार कुटुंबातील तरुण प्रदर्शनाहून आल्यावर म्हणाला, ‘सायेब, गल्ला तर बक्कळ झाला, पर घरात काय ऱ्हायलं न्हाई. पैसा गेला कुठं?’ मी म्हटले, ‘बस बाबा, पाटी-पेन्सिल घे.’

तो हिशेब समजावा म्हणून पुढे ठोकळ आकडे धरले आहेत. मुंबईत दहा दिवसांचे प्रदर्शन, माणसे दोन, विक्री ३०,००० रुपये.

विकलेल्या मालाचे लाकूड, रंग, पॉलिश कागद: ९,०००
गाळ्याचे भाडे: ४,०००
मालाची ने-आण: ३,५००
दोघांचा प्रवास, राहणे, जेवण: ६,०००
बांधणी, मोडतोड, किरकोळ: १,५००
एकूण खर्च: २४,०००

हातात राहिले ६,०००. जाण्यायेण्यासह दोघांचे बारा-बारा दिवस म्हणजे २४ दिवस गेले. माल घडवायला एकाचे ३० दिवस गेले. एकूण ५४ दिवस. म्हणजे रोजाला जेमतेम १११ रुपये पडले, शेतमजुरीपेक्षाही कमी. शिवाय न खपलेला माल परत आणला, त्यात पैसा अडकला तो वेगळाच.

यावरून प्रदर्शनाला जाऊच नये असे कोणी समजू नये. त्याच दहा दिवसांत दोन चांगले दुकानदार भेटले आणि त्यांनी वर्षभर माल उचलला, तर हाच खर्च बियाण्यासारखा कारणी लागतो. म्हणून विक्रीइतकेच लक्ष पुढच्या मागणीकडे द्यावे. गाळ्यावर वही ठेवावी, आलेल्याचे नाव, फोन, त्याला काय हवे ते लिहावे. दुकानदार किरकोळ भावाच्या निम्म्यानेही माल मागतो, तेव्हा मजुरीसकट आपला खर्च किती हे आधी काढून ठेवावे. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. उधारीवर दिलेला माल दूर गावाहून वसूल होत नाही.

माल नेताना

१. बसने, रेल्वेने आलेले गिऱ्हाईक पिशवीत मावेल तेच घेते. देव्हारा नमुन्याला एकच न्यावा. लाटणी, रव्या, भोवरे, छोट्या बैलजोड्या जास्त न्याव्यात.

२. सण पाहावा. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. सणानंतर त्याच बैलाला कोणी विचारत नाही.

३. ओल्या लाकडाचा माल करू नये. आपल्याकडच्या दमट हवेत ते साधे दिसते, पण कोरड्या हवेत गेले की आकसते आणि तडकते. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, काही महिने रचून ठेवाव्यात. टोकांना मेण किंवा रंग लावावा, कारण ओल टोकांकडून लवकर निघून जाते आणि चीर तिथूनच पडते.

४. पोळपाट-लाटण्याला व्हार्निश लावू नये. खेळण्याला शिसेविरहित रंगच वापरावा, कारण मूल ते तोंडात घालते.

५. लाकडाची पावती जपावी. साग, आंबा, फणस, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. बांधावरचे झाड झाले तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

कागदपत्रे

केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून कारागिराला ‘पहचान’ ओळखपत्र मिळते, ते आधी काढावे. २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे झाले, पण या कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः करून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट दिलेली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि पारंपरिक खेळणी करणारे दोघेही बसतात. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि तारण न देता ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. कर्ज मात्र यंत्रासाठी किंवा लाकडासाठी घ्यावे, प्रदर्शनाच्या प्रवासखर्चासाठी घेऊ नये.

घरची ओल

वर्षात एक-दोन निवडक मेळे करावेत, तेही आधी जाऊन आलेल्यांना विचारून. पहिला प्रयोग कोल्हापुरातच करावा, म्हणजे रात्री मुक्कामाला घरी येता येते. बाकीचे वर्ष जवळच्या गिऱ्हाइकावर उभे राहिले पाहिजे.

आणि हे जवळचे गिऱ्हाईक म्हणजे आपणच. लेकीच्या घरी बाळ चालायला लागले की प्लॅस्टिकची गाडी आणण्याआधी गावच्या सुताराला पांगुळगाड्याचा भाव विचारून पाहावा. कदाचित दोन पैसे जास्त पडतील. पण चाक निखळले तर ते बसवून देणारा माणूस गावातच असेल, आणि त्याच्या मुलालाही वाकस टाकून शहर गाठायची घाई होणार नाही.