फसलेली शिष्टाई

गेल्या रविवारी आमच्या इंदूरच्या घरी, दिवाणखान्यात, एक शिष्टाई फसली. शिष्टाया हस्तिनापुरापासून फसतच आल्या आहेत, त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण या शिष्टाईची मसलत माझी होती, म्हणून हकीकत सांगणे भाग आहे.

माझी नात आणि तिचे चार सोबती दर रविवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ मांडतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतो. प्रत्येकाने एक पात्र घेऊन त्याच्या तोंडून बोलायचे. एकाने सूत्रधार होऊन उरलेले सगळे जग अंगावर घ्यायचे. बेत साधेल की नाही अशी शंका आली, की वीस पैलूंचा फासा टाकतात. आमचा सूत्रधार माझा थोरला नातू.

सध्याचे कथानक ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याच्या १९८३ सालच्या ‘रेव्हनलॉफ्ट’वरून २०१६ मध्ये बेतलेले आहे. बॅरोव्हिया हे धुक्याने वेढलेले खोरे. आत शिरता येते, बाहेर पडता येत नाही. तिथला धनी काउंट स्ट्राड. भावाच्या नियोजित वधूवर डोळा ठेवून याने लग्नाच्या दिवशीच भावाचा खून केला. त्या मुलीने गडावरून उडी टाकली, आणि हा रक्तपिपासू पिशाच होऊन प्रजेच्या मानगुटीवर बसला. तीच मुलगी आता इरिना या नावाने पुन्हा जन्मली असून या पाच जणांच्या आश्रयाला आली आहे. अशात काउंटचे पत्र आले : गडावर भोजनास यावे.

मुले तलवारी परजत होती. मी आरामखुर्चीतून म्हणालो, “अरे, आधी बोलणी करा. श्रीकृष्णासारखा श्रीकृष्णही गेला होता.” भाऊबंदकीचे तंटे मिटवण्यात आपला हातखंडा आहे, असा माझा जन्माचा समज. नातीला ते पटले. मात्र कृष्णाने दुर्योधनाचे पक्वान्न नाकारून विदुराघरी भोजन घेतले, हे सांगायचे राहून गेले, आणि ही मंडळी थेट काउंटच्या पंगतीला बसली. ज्याचे अन्न खाल्ले त्याला तोंडावर पापी म्हणणे जड जाते.

नात बोलली मात्र सुरेख. एरवी खेळ हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत चालतो. गडावर पोचताच ती अस्सल मराठीवर आली, “महाराज” म्हणू लागली. काउंटने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “आपण काय सोडता?”

नातीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “पांडवांनी राज्यावर पाणी सोडून पाचच गावे मागितली. तसे काहीतरी सोडावेच लागते.”

“आजोबा, आमच्याजवळ सोडण्यासारखी इरिनाच आहे.”

मी गप्प बसलो. आमच्या घराण्याच्या वाटण्यांत मी घडवून आणलेल्या एका समेटाची अजूनही वाहवा होते. त्या समेटात एका विधवा काकूची राहती खोली गेली. कागद माझ्याच हातचा आहे. हे मी नातीला सांगितले नाही.

तिने इरिनेला सोडले नाही, फासा टाकला. वीस! पोरांनी एकच गिल्ला केला. नातू ढिम्म. २०१४ च्या नियमावलीप्रमाणे वीस पडले की तलवारीचा घाव हमखास लागतो. मनधरणीला ती सवलत नाही. तो म्हणाला, “काउंट तुझ्या बोलण्यावर खूश आहे. आज तुम्हाला जिवंत जाऊ देईल. पण इरिना त्याला हवीच.” नियमावरून खूप हुज्जत झाली. मी सूत्रधाराची बाजू घेतली. जिच्यासाठी सख्खा भाऊ मारला तिच्यावर तो दोन गोड शब्दांनी पाणी सोडील होय? आणि गंमत अशी, की त्या खोऱ्यातून काउंटला स्वतःलाही बाहेर पडता येत नाही.

तेवढ्यात एका उतावळ्याने तलवार उपसली. त्याचे पात्र तिथेच कामास आले. बिचारा बराच वेळ पोह्यांच्या बशीला हात न लावता बसला होता.

रात्री नातीने विचारले, “शिष्टाई फसणार हे कृष्णाला ठाऊक होते ना? मग गेला कशाला?”

“करता येत असून केली नाही, असे लोकांनी म्हणू नये म्हणून. विदुराला त्याने तसे सांगितलेही होते.”

“बरं,” ती म्हणाली, आणि इरिनेला आता कुठल्या गावी लपवायचे ते नकाशावर शोधू लागली.