आपला खातेउतारा मागणारा विद्यार्थी

व्यापारी घरातील मुलाला दोन गोष्टी लहानपणीच कळतात. एका गिऱ्हाइकाचा हिशेब दुसऱ्याच्या कानी घालायचा नाही, ही पहिली. आणि गिऱ्हाइकाने स्वतःचा खातेउतारा मागितला तर तो नाकारायचा नाही, ही दुसरी. कीर्द-खतावणीच्या जगात हे नियम इतके रुळलेले आहेत की त्यांचा वेगळा उच्चारही कोणी करीत नाही. मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माणसाच्या वागण्याबोलण्याचीच खतावणी ठेवणाऱ्या नव्या प्रकारच्या पेढ्या जगभर उभ्या राहिल्या. अशाच एका पेढीकडे ऑस्ट्रियातील कायद्याच्या एका विद्यार्थ्याने आपला उतारा मागितला. त्या साध्या मागणीतून पुढे जे घडले, ते आपल्या तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनीही समजून घेण्यासारखे आहे.

माक्सिमिलियन श्रेम्स याचा जन्म 1987 मध्ये साल्झबर्ग येथे झाला. व्हिएन्ना विद्यापीठात कायदा शिकत असताना 2011 मध्ये तो एका सत्रासाठी अमेरिकेतील सांता क्लारा विद्यापीठात गेला. हे विद्यापीठ कॅलिफोर्नियातील संगणक-उद्योगाच्या ऐन मध्यभागी आहे. तेथील वर्गात फेसबुकचे एक वकील व्याख्यानासाठी आले. व्यक्तिगत माहितीविषयीच्या युरोपीय कायद्याचे त्यांचे ज्ञान तोकडे असल्याचे ऐकून श्रेम्स चकित झाला. सत्राचा निबंध याच विषयावर लिहायचे त्याने ठरविले आणि निबंधासाठी पुरावा हवा म्हणून फेसबुककडे स्वतःसंबंधीची सर्व माहिती मागितली. 1995 च्या युरोपीय निर्देशाने असा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेलाच होता. तो वापरणारे मात्र थोडे होते.

उत्तरादाखल आलेल्या दस्तऐवजाची पाने भरली बाराशेहून अधिक. केवळ तीन वर्षे वापरलेल्या खात्याचा हा उतारा! त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकलेले संदेशही त्यात जसेच्या तसे होते. खोडलेली नोंद वहीत शिल्लक असावी आणि खातेदाराला तिचा पत्ताही नसावा, हा प्रकार त्याला कायद्याला धरून वाटला नाही.

किराणा दुकानाशेजारचे कार्यालय

अमेरिका व कॅनडा वगळता उर्वरित जगातील वापरकर्त्यांचा करार त्या काळी फेसबुकच्या आयर्लंडमधील कंपनीशी होत असे. त्यामुळे श्रेम्सने ऑगस्ट 2011 पासून आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयुक्तांकडे एकामागून एक 22 तक्रारी दाखल केल्या. कोट्यवधी लोकांच्या माहितीवर देखरेख ठेवणारे हे कार्यालय तेव्हा पोर्टारलिंग्टन नावाच्या लहानशा गावात, एका किराणा दुकानाला लागून होते. आयुक्तांनी कंपनीची तपासणी केली, काही सुधारणाही झाल्या. छायाचित्रातील चेहरा ओळखून नाव सुचविण्याची सोय कंपनीने 2012 मध्ये युरोपात बंद केली. मूळ तक्रारींचा निर्णय मात्र वर्षानुवर्षे लांबत गेला आणि अखेरीस 2014 मध्ये श्रेम्सने त्या मागे घेतल्या.

दरम्यान जून 2013 मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या पाळतीची कागदपत्रे उघड केली. युरोपीय नागरिकाची माहिती अमेरिकेत गेली की तिला संरक्षण उरत नाही, असे म्हणत श्रेम्सने नवी तक्रार केली. आयुक्तांनी ती क्षुल्लक ठरवून चौकशीस नकार दिला. तो आयर्लंडच्या उच्च न्यायालयात गेला आणि तेथून प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढे आला. 6 ऑक्टोबर 2015 रोजी त्या न्यायालयाने ‘सेफ हार्बर’ ही 2000 सालची व्यवस्था रद्द केली. चार हजारांहून अधिक अमेरिकी कंपन्या तिच्या आधारे युरोपातून माहिती नेत होत्या. त्या दिवशी श्रेम्सचे वय अठ्ठावीसही पूर्ण झाले नव्हते.

पुढचा मार्ग सरळ नव्हता. 2016 मध्ये ‘प्रायव्हसी शील्ड’ ही नवी व्यवस्था आली. त्याच वर्षी आयर्लंडच्या आयुक्तांनी उच्च न्यायालयात जो दावा लावला, त्यात फेसबुकबरोबर प्रतिवादी म्हणून श्रेम्सचेही नाव होते. ज्याच्याकडे गाऱ्हाणे न्यावे, त्यानेच गाऱ्हाणे मांडणाऱ्याला कोर्टात उभे करावे, असा हा प्रसंग. आयर्लंडमध्ये दावा हरणाऱ्यावर दुसऱ्या बाजूचाही खर्च पडू शकतो. सामान्य माणसाची हिंमत तेथेच संपावी. जानेवारी 2018 मध्ये एक पराभवही पदरी आला. सुमारे 25,000 लोकांच्या वतीने सामूहिक दावा चालविण्याची मुभा युरोपीय न्यायालयाने त्याला नाकारली. स्वतःपुरता दावा मात्र तो लढू शकतो, असे सांगितले. अखेर 16 जुलै 2020 रोजी ‘प्रायव्हसी शील्ड’ही रद्द झाली. त्याच वादाच्या ओघात मे 2023 मध्ये फेसबुकच्या मूळ कंपनीला, म्हणजे मेटाला, 120 कोटी युरोंचा दंड झाला.

तोवर युरोपचा कायदाही बदलला होता. 25 मे 2018 पासून लागू झालेल्या विनियमाने, ज्याला जीडीपीआर म्हणतात, गंभीर उल्लंघनासाठी जागतिक वार्षिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद केली. तत्पूर्वी 2017 मध्येच श्रेम्सने व्हिएन्ना येथे लोकवर्गणीतून ‘नॉयब’ ही संस्था उभी केली होती. इंग्रजीतील ‘तुम्हाला काय करायचे आहे’ अशा अर्थाच्या वाक्प्रचाराची ती आद्याक्षरे. कायदा लागू झाला त्याच दिवशी संस्थेने गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप यांच्याविरुद्ध तक्रारी दाखल केल्या.

आपल्या उंबरठ्यावर

ही हकीकत परक्या देशाची असली, तरी तिचा विषय आपल्या दुकानाच्या गल्ल्यापाशी येऊन ठेपला आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी, निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. 2023 मध्ये संसदेने अंकीय स्वरूपातील व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. बिल करताना आपण गिऱ्हाइकाचा मोबाइल क्रमांक सहज टिपून घेतो. तो कशासाठी घेतला, कोणाच्या हाती पडतो, काम संपल्यावर त्याचे काय होते, या प्रश्नांची उत्तरे यापुढे पेढीच्या मालकाजवळ असावी लागतील.

म्हणूनच ज्या घरात मुलगा किंवा मुलगी कायदा शिकू म्हणते, त्या घराने ‘कोर्टकचेरीत आपले काय?’ असे म्हणून तो विषय मिटवू नये. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा वाणिज्य पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, अशा दोन्ही वाटा खुल्या आहेत. मोठ्या प्रमाणावर व्यक्तिगत माहिती हाताळणाऱ्या ज्या संस्था सरकार तशा अधिसूचित करील, त्यांना भारतात माहिती संरक्षण अधिकारी नेमणे नव्या कायद्याने बंधनकारक केले आहे. ज्याला हिशेबाची वही वाचता येते आणि कायद्याचे कलमही उलगडता येते, अशा तरुणाला या क्षेत्रात मान आहे.

श्रेम्सने आरंभी कोणतेही मोठे ध्येय जाहीर केले नव्हते. वर्गात कानी पडलेले विधान त्याने पडताळून पाहिले, कायद्याने दिलेला हक्क वापरला, आणि उत्तर हाती आल्यावर ती पाने बासनात बांधून ठेवली नाहीत. खात्यात न जुळणारी रक्कम दिसली की जुने मुनीम दिवा मालवीत नसत. ती सापडेपर्यंत बसून राहात. या विद्यार्थ्याची चिकाटी त्याच जातीची म्हणावी लागेल.