२३,१९६ अणूंची मोजदाद

लोखंडाचे ६,५६९ आणि प्लॅटिनमचे १६,६२७. हा हिशेब खाणीचा नाही. जेमतेम ८ नॅनोमीटरच्या एका कणात एवढे अणू आहेत, आणि त्यातला प्रत्येक कुठे बसलाय तेही ठाऊक आहे. अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत टिपलेल्या या कणाचा नकाशा २०१७ साली ‘नेचर’मध्ये छापून आला. जागेतली चूक २२ पिकोमीटरच्या आसपास, म्हणजे अणूच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी!

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तसा जुना, १९३१ सालचा. पण त्याच्या चित्रात एक गोची असते. इलेक्ट्रॉनांचा झोत नमुन्यातून आरपार जातो आणि वाटेतलं सगळं एकावर एक चढून सपाट उमटतं. मोदकाची सावली बाजूने टोकदार, वरून गोल. एकीवरून मोदक ओळखायचा कसा? म्हणून नमुना थोडा कलवायचा, प्रतिमा टिपायची, पुन्हा कलवायचा. या कणाच्या अशा ६८ प्रतिमा घेतल्या. त्यांवरून मूळ आकार उभा करण्याचं गणित योहान रादोनने १९१७ सालीच मांडून ठेवलं होतं. सीटी स्कॅनच्या मुळाशीही तेच आहे. फरक इतकाच, की इथे नमुना साधारण ६५ अंशांपलीकडे कलवता आला नाही. उरलेल्या कोनांची उणीव संगणकाने अंदाज बांधत, तो ताडून पाहत भरून काढली.

लोखंड कुठलं आणि प्लॅटिनम कुठलं? प्लॅटिनमच्या केंद्रकात ७८ प्रोटॉन, लोखंडाच्या २६. जड केंद्रक इलेक्ट्रॉनांना जास्त जोरात भिरकावतं, म्हणून प्लॅटिनम उजळ दिसतं.

मला या नकाशातली खरी गंमत वाटते ती चुकलेल्या जागांची. आदर्श रचनेत लोखंडाचा एक थर, प्लॅटिनमचा एक थर अशी पाळी असते, आणि हार्ड डिस्कला हवं असलेलं चिवट चुंबकत्व त्या शिस्तीतूनच येतं. प्रत्यक्ष कणात मात्र काही भाग शिस्तीत, काही भागांत सरमिसळ. कुठल्या कोपऱ्यात चुंबकत्व किती टिकेल, हे मग या खऱ्या जागा घेऊनच गणिताने काढता आलं.

२०२१ साली याच पद्धतीने त्याहून अवघड काम झालं. आठ धातूंच्या, काचेसारख्या अस्ताव्यस्त मिश्रधातूच्या कणातले १८ हजारांवर अणू जागेसकट सापडले. आठही धातू वेगळे ओळखता आले नाहीत, शेजारी-शेजारी वजनांचे ते तीन गटांतच विभागावे लागले.